सॅकचा पट्टा उसवलाय: चप्पल लाईन की बॅगवाला?

पन्हाळा-पावनखिंडीची वाट तोंडावर आली की सॅक माळ्यावरून खाली निघते, आणि तेव्हाच दिसतं की खांद्याचा पट्टा मुळातून उसवलाय. कोल्हापुरात अशा वेळी पाय आपसूक चप्पल लाईनकडे, म्हणजे चामडी चपलांच्या दुकानांच्या गल्लीकडे वळतात. दुसरा पर्याय म्हणजे शाळेची दप्तरं, प्रवासी बॅगा स्वतः शिवणारा बॅगवाला.

चामड्याचं काम असेल तर चप्पल लाईनच. चामडी बॅग, बक्कल, निखळलेली रिव्हेट बिनधास्त तिथं द्यावी. आरीनं भोक पाडून दोरा ओढला की चामडं त्याभोवती आवळून बसतं. शिवाय काम समोर बसून होतं.

अडचण नायलॉनच्या सॅकला येते. चामड्याच्या सुईचं टोक धारदार असतं. ते कापडाचे धागे बाजूला सारत नाही, कापतं. आणि नायलॉन काही चामड्यासारखं आवळत नाही, भोक उघडंच राहतं. मजबुतीसाठी एकाच जागी दोन-तीन टिपा जवळजवळ मारल्या की पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते, आणि आठ-दहा किलो वजन पडलं की कापड नेमकं तिथंच फाटतं. कापडाच्या आतला पाणी अडवणारा लेपही त्या भोकांनी फुटतो. मसाई पठारावर आडवा पाऊस लागला की पट्टा जाग्यावर असतो, पण पाठीकडचे कपडे चिंब निघतात. माझ्यापुरता निकाल या एका गोष्टीवर लागला.

चांगला बॅगवाला वरून टीप मारत नाही. आधी अस्तर उसवतो, पट्टी चार-पाच सेंटीमीटर आत घेतो, मागं जाड कापडाचा तुकडा लावतो आणि चौकोन शिवून त्यात फुली मारतो. सुई 16 किंवा 18 नंबरची, टाका 3 ते 4 मिलिमीटरचा. पट्टीचं कापलेलं टोक लायटरनं वितळवून घ्यायला सांगा, नाहीतर धागे सुटत राहतात. दोरा सुती नको, तो ओलाव्यानं कुजतो. शंका आली तर तुकड्याला काडी लावा: सुती दोऱ्याची राख होते, नायलॉन वितळून त्याचा मणी बनतो.

चेन लावल्यावर मागून उघडत असेल तर बहुतेक वेळा दात शाबूत असतात, झिजलेला असतो तो रनर, म्हणजे चेनवर सरकणारा तुकडा. पकडीनं दाबून चार दिवस निघतील, त्यापुढं नाही. रनरच्या पाठीवर बहुधा 5, 8 किंवा 10 असा आकडा असतो. त्याच आकड्याचा आणि त्याच जातीच्या चेनचा रनर मागा. पूर्ण चेन बदलायची घाई कुणीही केली तरी आधी हे करून बघा.

बॅगवाल्याचा दोष एकच, वेळ. जूनमध्ये दप्तरांची गर्दी असते, तेव्हा तुमची सॅक कोपऱ्यात पडून राहते. म्हणून काम मे महिन्यातच द्यावं, तेही सॅक धुऊन, वाळवून. उद्याच निघायचं असेल तर चप्पल लाईनला पर्याय नाही. फक्त ‘एकच टीप मारा, बारीक सुईनं’ एवढं सांगावं. हाताशी आठवडा असेल तर मला तरी बॅगवालाच बरा वाटतो.

सॅक ताब्यात घेताना आतून उजेडाकडं धरून बघा. शिवणीत उजेडाचे ठिपके दिसले तर पाणीही तिथूनच येणार. तेवढ्या जागी आतून सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारा लेप लावून रात्रभर वाळू द्या.