आगाखान पॅलेसमधील मार्गदर्शित फेरी : एक अभिप्राय

गेल्या रविवारी एका खासगी संस्थेच्या मार्गदर्शित फेरीतून पुण्यातील नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेस पाहिला. 1942 ते 1944 या काळात गांधीजी येथे स्थानबद्ध होते आणि त्यांचे सचिव महादेवभाई देसाई व पत्नी कस्तुरबा यांचा मृत्यूही येथेच झाला, हा भाग मार्गदर्शकाने फार मनापासून सांगितला. दोन्ही समाधींपाशी तर त्याने सर्वांना काही वेळ शांत बसू दिले. जवळच गांधीजींच्या अस्थींचा अंश आहे. तेथे मात्र ‘30 जानेवारी 1948 रोजी हत्या झाली’ एवढे बोलून तो पुढे निघाला, याची मला खंत वाटली.

गांधीजींची हत्या करणारा नथुराम गोडसे आणि कटातील त्याचा साथीदार नारायण आपटे याच शहरातून वृत्तपत्र चालवीत होते, आणि हत्येनंतर, मारेकरी ब्राह्मण असल्याच्या रागातून, पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेल्याने कित्येक कुटुंबे गाव कायमचे सोडून पुण्यात आली. आमचे कुटुंब त्यांपैकीच एक. सातारा जिल्ह्यातून आणलेला, एका कडेने करपलेला शिसवी पाट आजही आमच्या देवघरात आहे. आजीने त्याविषयी कधी तोंड उघडले नाही, पण 30 जानेवारीला ती न चुकता उपास करीत असे.

फेरी अवश्य करावी, मात्र अस्थींपाशी थांबून पुढचे विचारावे.