दगड 'मलाच' सापडला होता

खनिजं गोळा करणाऱ्यांनी हे वाचावंच. मी फसलो तो खोट्या चाचण्यांनी नाही, खऱ्या चाचण्यांनी.

जुन्या खाणीच्या टाकाऊ दगडांच्या ढिगावर एक माहीतगार गृहस्थ मला घेऊन गेले. अर्ध्या तासाने म्हणाले, "त्या मोठ्या धोंड्याखाली बघा जरा." बघितलं, तर गारगोटीवर तीन काळसर चकचकीत स्फटिक, कडांना दाते. बूर्नोनाइट! शिसं, तांबं, अँटिमनी आणि गंधक यांचं हे संयुग-खनिज. याचे जुळे (एकमेकांत गुंतून वाढलेले) स्फटिक दातेरी चाकासारखे वाढतात. कॉर्नवॉलच्या हेरड्सफूट खाणीतले नमुने मी फोटोत इतक्या वेळा पाहिले होते, की हात थरथरायला लागला.

त्यांनी तिथेच परीक्षा घेतली. तांब्याच्या नाण्याने ओरखडा उठला. चिनी मातीच्या खडबडीत तुकड्यावर घासल्यावर राखाडी-काळा कस (म्हणजे भुकटीची रेघ) उमटला. हातात घेतलं तर चांगलं जड. "झालं की सिद्ध!" ओळख पटवून दिल्याबद्दल आणि जागा दाखवल्याबद्दल मी त्यांना दोन महिन्यांची बचत दिली, वर आभारही मानले.

आता बघा, गॅलिनाही या तिन्ही चाचण्यांत पास होतं. गॅलिना म्हणजे शिसं आणि गंधकाचं साधं, मुबलक खनिज. त्याची कठिनता साधारण २.५, बूर्नोनाइटची २.५ ते ३. कसही जवळपास तसाच. म्हणजे परीक्षा अशी निवडली होती, की दोघंही उत्तीर्ण व्हावेत. त्यांनी भिंग बाहेर काढलं नाही हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. (माझं भिंग माझ्याच खिशात होतं, हे सांगायला लाज वाटते.)

घरी दहापट भिंगाखाली पाहिलं, तर दात्यांच्या खाचांत कानशीचे समांतर ओरखडे. खऱ्या जुळ्या स्फटिकात खाचेच्या आतल्या बाजूही सपाट आणि चकचकीत असतात. इथे त्या निस्तेज होत्या. नमुना झाकणबंद बरणीत, गोंद सोडवणाऱ्या अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी एक स्फटिक सुटून तळाशी पडला होता. खाली गोंदाचा पांढुरका थर.

सुटलेला स्फटिक वजनकाट्यावर १५ ग्रॅम भरला. दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळता तोलला, तर १३. घट २ ग्रॅम, म्हणजे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड ते) १५ भागिले २, ७.५. बूर्नोनाइटचं ५.८च्या आसपास असतं. तो असता तर घट २.६ ग्रॅम आली असती. (गारगोटीसकट तोललंत तर हा हिशेब चुकतो, ती फार हलकी.) शेवटी सुटलेला स्फटिक टिचवला. पायऱ्यापायऱ्यांनी, काटकोनात फुटला. गॅलिनाचं पाटन (ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटणं) असं घनाकार, अगदी स्पष्ट असतं. बूर्नोनाइट वेडावाकडा फुटतो. खरं तर एक कोपरा टिचवून हे ढिगावरच बघता आलं असतं, पण तिथे "एवढा सुंदर नमुना फोडू नका हं" असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

आणखी एक. कस काढल्यावर ती भुकटी बोटाने पुसू नका, हात धुवा. शिसं आहे ते. मी त्याच हातांनी डबा खाल्ला होता.

फोन केला. गृहस्थ जराही गडबडले नाहीत. "मी तुम्हाला दगड विकला कुठे? तो तर तुम्हालाच सापडला."