भंडारदरा की माळशेज? ठाण्याहून गाडी आणि ट्रेक एकत्र जमवताना

दोन दिवस हाताशी आहेत, गाडी आहे, थोडा कच्चा रस्ता तुडवायचा आहे आणि एक गडही चढायचा आहे. ठाणे-नवी मुंबईकरांपुढे अशा वेळी बहुधा दोन नावं येतात: कसाऱ्याच्या वरचा भंडारदरा–रतनगड पट्टा, नाहीतर मुरबाडमार्गे माळशेज आणि हरिश्चंद्रगड. निसर्गाच्या बाबतीत दोन्हींत डावंउजवं करणं अवघड आहे. खरा फरक परतीच्या वाटेत आहे. सहा-सात तास पाय मोडून उतरलेला माणूसच पुन्हा स्टिअरिंगवर बसणार असतो. तेव्हा त्याच्यापुढे कोणता रस्ता येतो, ते आधी पाहावं आणि मग गड निवडावा.

अंतर आणि घाट

माळशेज जवळ आहे, हे खरं. माजिवड्याहून खुबी फाटा (हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या खिरेश्वर गावाकडे वळायचं ठिकाण) साधारण ११० किलोमीटर, तर भंडारदऱ्याचं शेंडी गाव दीडशेच्या पुढे. पण माळशेजच्या वाटेवर राजनोली नाका, दुर्गाडी, शहाड, म्हारळ हे सगळं ओलांडावं लागतं. पहाटे साडेपाचच्या आत कल्याण मागे टाकलं तर खुबी फाटा तीन तासांच्या आत येतो. सात वाजता कल्याणात शिरलात तर जवळचं अंतरही लांबतं. नवी मुंबईकरांनी शिळफाट्यावरून बदलापूर गाठून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाडला निघावं. कल्याण पूर्ण टळतं.

भंडारदऱ्याचं गणित समृद्धी महामार्गाने बदललं. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला आणि कसारा घाटाला बोगद्याचा पर्याय मिळाला. भिवंडी बायपासवरून वडप्याजवळ आमण्याला चढायचं, इगतपुरीला उतरायचं, घोटीतून कोल्हारच्या दिशेने वळायचं, की बारी आणि पुढे शेंडी. नवी मुंबईतून महापे–शिळफाटा–मुंब्रा बायपास–खारेगाव करून भिवंडी बायपासला लागता येतं. टोल जास्त आहे, पण पहाटे निघालात तर तीन-साडेतीन तासांत शेंडी येते. दुचाकींना समृद्धीवर प्रवेश नाही, म्हणून बाईकवाल्यांसाठी कसारा घाटच.

आता परतीचा विचार करा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. खिरेश्वरहून चढलेला गट पाच-साडेपाचला खाली आला, हातपाय धुऊन चहा प्यायला, की पुढे लगेच अंधारातला माळशेज घाट. रस्ता दुपदरी आहे, आणि संध्याकाळनंतर ओतूर-आळेफाट्याकडून भाजीचे ट्रक त्याच घाटाने कल्याणच्या बाजूला उतरत असतात. पावसाळ्यात त्यात धुकं आणि दरडींची भर पडते. भंडारदऱ्याहून निघालात तर घोटीपर्यंत पस्तीसेक किलोमीटर गावरस्ता सांभाळून चालवावा लागतो. गुरं, बिनदिव्यांचे ट्रॅक्टर, मध्येच खड्डा. पण त्यानंतर दुभाजक असलेला रुंद रस्ता मिळतो आणि समोरून डोळ्यांवर येणारे दिवे संपतात. थकलेल्या चालकाला याचा मोठा आधार असतो. एकच धोका आहे: सरळ सपाट रस्त्यावर डुलकी लागते. त्यामुळे घोटीला वीस मिनिटं थांबून, जमलं तर चालक बदलून, मगच समृद्धीवर चढावं.

कच्चा रस्ता कुठे खरा आहे

माळशेज बाजूला कच्च्या रस्त्याची हौस फारशी फिटत नाही. खुबी फाट्यावरून खिरेश्वरला पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने जाणारे काही किलोमीटर, एवढंच. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटतं आणि उघड्या पडलेल्या सपाट जमिनीवर गाडी उतरवायचा मोह होतो. तो टाळावाच. वरचा थर उन्हाने भाजून कडक दिसतो, खाली गाळ ओलाच असतो. दीड टनाची गाडी तो पापुद्रा फोडून आसापर्यंत रुतते, आणि चाकं फिरवत राहिलं की आणखी खाली जाते. मग गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. शिवाय ती धरणाची जमीन आहे. तिथे गाडी घालण्याचा आपल्याला अधिकार नाही.

भंडारदऱ्याला मात्र जलाशयाभोवतीचा पूर्ण वळसा आहे: शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर, मग पांजरे आणि मुरशेतवरून परत शेंडी. अंतर चाळीसेक किलोमीटर, पण न थांबता दोन-अडीच तास धरा. डांबर, फुटलेलं डांबर, खडी आणि मुरूम असं आलटून पालटून येतं, आणि कुठला तुकडा कुठल्या अवस्थेत असेल ते दर पावसाळ्यानंतर बदलतं. शेंडीत शिरताना एकच प्रश्न विचारा: ‘घाटघरपर्यंत एसटी जातेय का?’ जात असेल तर साधी गाडीही जाईल. बंद असेल तर कारण विचारून घ्या. साकव खचलाय की दरड आलीय, त्यावर पुढचं ठरतं.

हा सगळा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. रस्ता सोडून कुरणात, ओढ्यात किंवा भातखाचरात गाडी घालणं इथे ‘ऑफ-रोडिंग’ होत नाही. अभयारण्यात तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि खाचराचा बांध फुटला तर एका कुटुंबाचं वर्षभराचं नुकसान होतं. गावांना जोडणारे कच्चे रस्ते भरपूर आहेत, तेवढ्यात मजा पुरते.

गाडी: बोनेटवरचं नाव नको, पोट बघा

चारही चाकांना ताकद देणारी (फोर-बाय-फोर) गाडी हवीच, असा समज पसरला आहे. ऑक्टोबर ते मे या काळात वरच्या दोन्ही मार्गांवर तिची गरज जवळजवळ पडत नाही. गरज असते ती पोटाखालच्या अंतराची. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर, जिम्नीचा २१०, तीनदारी थारचा २२६. शिवाय हे आकडे रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसं आणि डिकीभर सामान असलेली छोटी गाडी मागून बरीच दबते, आणि खडीच्या मधल्या उंचवट्यावर आधी सायलेन्सर, मग ऑइल चेंबर घासतो. चेंबरला तडा गेला आणि ते कळलं नाही, तर पुढच्या काही किलोमीटरांत इंजिन जाम होतं. म्हणून छोट्या गाडीत तीनच माणसं बसा, आणि घासल्याचा आवाज आला की थांबून खाली ठिबक आहे का ते बघा.

थार भाड्याने घेत असाल तर ती फक्त मागच्या चाकांवर चालणारी तर नाही ना, ते विचारा. तशीही मिळते, आणि ओल्या चढावर तिचं मागचं चाक जागीच फिरत राहतं. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतील तरच ती स्वतः चालवण्यासाठी अधिकृत भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची ओळखीतली गाडी पैसे देऊन घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

फोर-बाय-फोर असेल तर दोन नियम पाळा. थार, जिम्नीसारख्या पार्ट-टाइम यंत्रणेत (एरवी दोनच चाकांना ताकद, गरजेपुरती चारही चाकांना) कोरड्या डांबरावर ‘फोर-एच’ (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावून चालवू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, डांबरावर त्यांना घसरायला वाव मिळत नाही आणि सगळा ताण गिअरच्या दातांवर येतो. ‘फोर-एल’ (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) लावायचं तर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये. चालत्या गाडीत खेचलं तर करकरतं आणि झिजतं.

टायरच्या हवेकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, म्हणून ते सविस्तर. थंड टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल तर खडी-मुरमावर २५-२६ पुरेशी होते: टायर जरा पसरतो, पकड वाढते, दणके कमी बसतात. चिखलात २०-२२पर्यंत उतरता येतं. १८च्या खाली नको. वळणावर टायर रिम सोडतो. मोठे अलॉय आणि अरुंद भिंतीचे टायर असतील तर २८च्या खाली जाऊच नका, कारण धारदार दगडावर टायरची भिंत रिम आणि दगडाच्या मध्ये चेपून फाटते, आणि फाटलेल्या भिंतीला पंक्चरची पट्टी चालत नाही. घोटी सोडण्यापूर्वी हवा पूर्ववत करायलाच हवी. कमी हवेचा टायर समृद्धीवर १००च्या वेगाने धावला की भिंत सतत दुमडते, तापते आणि फुटते. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर जवळ ठेवा आणि दोन टायर भरले की त्याला थंड होऊ द्या.

जॅकखाली ठेवायला एक फूट बाय एक फूट जाड प्लायचा तुकडा घ्या. मुरमात जॅक आत जातो, गाडी वर येत नाही. स्टेपनीतली हवा घरूनच तपासा. रुतलेली गाडी ओढताना दोर कंपनीने दिलेल्या टो-हुकलाच बांधा, बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला नाही. आणि दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका. घाट उतरताना ज्या गिअरवर चढला असता, त्याच गिअरवर उतरा. ब्रेकचा जळका वास आला तर गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थांबा. गरम डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

ओढ्याचं पाणी अर्ध्या चाकाच्या वर असेल तर परत फिरा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत.

इंधनासाठी घोटी किंवा राजूर, माळशेजला मुरबाड. वळशासकट भंडारदऱ्याची फेरी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते, आणि कच्च्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मायलेज जवळपास निम्मं होतं.

चढाई

भंडारदऱ्यात निवडीला वाव आहे. कळसूबाई (१६४६ मीटर) बारीहून तीन-साडेतीन तासांत होते. वाट ठळक आहे, अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. अडचण आहे ती गर्दीची. पावसाळ्यात रविवारी शिड्यांवर रांग लागते आणि ओल्या पायऱ्यांवर उभं राहून पाय थरथरतात. रतनगड रतनवाडीहून अडीच-तीन तास, जंगलातली सुंदर वाट, शेवटी शिड्या आणि माथ्यावर नेढं, म्हणजे खडकाला आरपार पडलेलं भोक. पायथ्याला अमृतेश्वराचं कोरीव मंदिर आहे, त्याला निवांत अर्धा तास द्या. दोन्हींत आमची पसंती रतनगडाला. साम्रदची सांदण दरी डिसेंबर ते मे एवढीच. पावसात तिथे पाण्याचा लोंढा अचानक येतो आणि दोन्ही बाजूंना उभ्या भिंती असल्याने पळायला जागा नसते. दरीतून कोकणात उतरायचं तर दोर आणि जाणकार हवेत. बाकीच्यांनी पहिल्या मोठ्या टप्प्यावरून मागे फिरावं.

हरिश्चंद्रगडाला खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट चार-पाच तासांची आहे. खिंडीनंतर कातळावर रेलिंग आहे, तो भाग दिसतो तितका अवघड नाही. अवघड आहे ते पुढे: छोट्या-छोट्या टेकड्या एकामागून एक येतात आणि धुक्यात सगळ्या सारख्या वाटतात. वाट चुकण्याचे प्रसंग मुख्यतः इथलेच. पावसाळ्यात खिरेश्वरचा वाटाड्या घ्यावाच. कोकणकडा आणि केदारेश्वराची पाण्याने भरलेली गुहा बघायची ओढ असेल, पण एवढी चाल नको असेल, तर पाचनई धरा. तिथून दोन-अडीच तासांत मंदिर येतं. पाचनईला राजूरमार्गे जाता येतं, म्हणजे समृद्धी–घोटी–राजूर–पाचनई असा भंडारदऱ्याच्याच बाजूने हरिश्चंद्रगड होतो, आणि परतीला माळशेज लागत नाही. बऱ्याच जणांच्या हे लक्षातच येत नाही.

नकाशात गडाचं नाव न टाकता पायथ्याच्या गावाचं टाका. ‘हरिश्चंद्रगड’ला पाचनई, खिरेश्वर आणि कड्याखालचं बेलपाडा असे तीन वेगवेगळे पायथे आहेत, बेलपाड्याहून वर जाणारी नळीची वाट ही सराईतांची आहे. घाटघरही दोन आहेत: एक भंडारदऱ्याचं, अकोले तालुक्यातलं, दुसरं जुन्नर तालुक्यातलं, नाणेघाट-जीवधनजवळचं. चुकीचं निवडलं तर अर्धा दिवस जातो. नकाशा घरीच उतरवून घ्या.

माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. चालकासाठी कोरड्या बुटांचा वेगळा जोड गाडीत ठेवा. चिखलाचे बूट ब्रेकवरून घसरतात. जेवणाचं चढण्यापूर्वीच गावात सांगा, किती जण आणि साधारण किती वाजता. पिठलं-भाकरी ताजी मिळते आणि अन्न वाया जात नाही.

महिना ठरवतो

जून ते सप्टेंबर: दोन्हीकडे कच्चा रस्ता विसरा. घाटघरचा पाऊस इतका की त्याला अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. धबधबे आणि कड्यांवर जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली बंदी घालतात; निघण्याच्या आदल्या दिवशी आदेश तपासा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी: भंडारदऱ्याचा वळसा आणि रतनगड, हा सर्वांत चांगला मेळ, पहिल्या दिवशी गाडीचा वळसा, मुक्काम रतनवाडी किंवा साम्रदला, दुसऱ्या दिवशी पहाटे चढाई, दुपारी दोनला परतीची सुरुवात. मेअखेर काजव्यांसाठी भंडारदऱ्याला झुंबड उडते. काजवे बघायचे तर आठवड्यातला मधला दिवस धरा आणि गाडीचे दिवे बंद ठेवा.

एकच दिवस असेल, दोन चालक असतील आणि गाडी छोटी असेल तर माळशेज–खिरेश्वर घ्या, पण चारच्या आत खाली या. दोन दिवस आणि एकच चालक असेल तर भंडारदरा.

खारघर-पनवेलकर तिसरं नाव घेतात, ताम्हिणी. गोवा महामार्गाने माणगाव, निजामपूर करून वर चढणारा रस्ता देखणा आहे, पण गाडी आणि ट्रेक जुळत नाहीत. अंधारबनाची वाट पिंपरीहून निघून भिऱ्याला उतरते. माणसं खाली कोकणात आणि गाडी वर घाटमाथ्यावर. तिथे चढाई न करणारा एखादा चालक बरोबर हवा, नाहीतर अर्ध्या वाटेवरून मागे फिरून पिंपरीलाच यावं.