डिस्प्लेच देत नव्हतं ते ग्राफिक्स कार्ड: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हे कार्ड बरेच महिने माझ्या मशीनमध्ये आहे आणि मी त्यावर मनापासून खूश आहे. दिवसा व्हिडिओ एडिटिंग, रात्री थोडं गेमिंग, अधूनमधून रात्रभर चालणारं रेंडर, असा वापर. तरी या रिव्ह्यूचा मोठा भाग सुरुवातीच्या दिवसांवर आहे. त्या दिवसांत हे कार्ड परत पाठवायचं जवळपास ठरलं होतं आणि कार्डात तर काहीच बिघाड नव्हता. ज्यांच्याकडे आत्ता काळा स्क्रीन आहे त्यांना बेंचमार्कपेक्षा हीच माहिती जास्त उपयोगी पडेल.

माझं कॅबिनेट कार्ड उभं बसवण्याच्या सोयीचं आहे. म्हणजे कार्ड थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये न बसता रायझर केबलवरून जोडलेलं असतं. जुनं कार्ड याच केबलवर कित्येक वर्षं विनातक्रार चाललं. ते काढलं, त्याच जागी नवं लावलं, बटण दाबलं. पंखे फिरले, थांबले, आणि स्क्रीन काळाच.

पंखे थांबले म्हणजे कार्ड मेलं असं अजिबात नाही. आजची बरीचशी कार्डं सुरू होताना पंखे एकदा फिरवून बघतात आणि तापमान वाढेपर्यंत बंद ठेवतात. खरी खूण बोर्डवर असते. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट अशा नावांचे चार छोटे दिवे असतात. सुरुवातीची तपासणी जिथे अडते तो दिवा पेटून राहतो. माझ्याकडे व्हीजीए पेटलेला होता, म्हणजे प्रोसेसर आणि रॅमपर्यंत सगळं ठीक. असे दिवे नसतील तर कीबोर्डचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र येत नाहीये. या दोन प्रकारांत शोधायच्या गोष्टी पूर्ण वेगळ्या असतात, म्हणून आधी हे ठरवून घ्यायचं.

मॉनिटरची केबल कार्डाच्याच पोर्टमध्ये आहे ना, मॉनिटरवर इनपुट बरोबर निवडला आहे ना, हे बघायला मिनिटभर पुरतं. पॉवरचं मात्र नीट बघावं लागतं. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. ६ पिनी जोडणी आणखी ७५ देते, ८ पिनी १५०. माझ्या कार्डाला ८ पिनी जोडण्या दोन आहेत. एसएमपीएसमधून (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) येणाऱ्या एकाच केबलला पुष्कळदा दोन तोंडं असतात आणि ती दोन्ही कार्डाला लावून टाकायचा मोह होतो. दोन स्वतंत्र केबल ओढाव्यात, कारण असं कार्ड काही क्षणांसाठी आपल्या नेहमीच्या वॉटेजच्या कितीतरी वर उडी घेतं आणि तो भार एकाच केबलवर यायला नको. दुसरं म्हणजे प्रोसेसरची पॉवर केबलही ८ पिनीच असते, पण तिची पिनांची मांडणी वेगळी. ती कार्डात जोर लावून बसवायला जाऊ नका. नव्या १६ पिनी जोडणीचं कार्ड असेल तर कनेक्टर शेवटपर्यंत आत गेला आहे आणि त्याच्या तोंडाशीच केबल वळलेली नाही, हे डोळ्यांनी बघा.

माझ्याकडे हे सगळं ठीकठाक होतं. मग जुनं कार्ड परत लावलं आणि डिस्प्ले लगेच आला. इथे कुणीही म्हणेल की नवं कार्डच खराब. विक्रेत्याच्या सपोर्टनेही हेच सांगितलं आणि कार्ड परत मागवलं. पण मला एक गोष्ट खटकत होती. नवं कार्ड कधीकधी चालत होतं. चार-पाचदा रीस्टार्ट केलं की एखाद्या वेळी डिस्प्ले यायचा, विंडोज उघडायचं, अर्धा तास काम व्हायचं आणि मग अचानक काळोख. मेलेलं कार्ड असं वागत नाही.

अशाच एका चालू वेळी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. सिस्टिमच्या नोंदींमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर नावाने इशाऱ्यांची रांग लागली होती, इव्हेंट आयडी १७. मजकूर असा की हार्डवेअरमधली एक चूक दुरुस्त करण्यात आली, घटक पीसीआय एक्स्प्रेस रूट पोर्ट. पीसीआय एक्स्प्रेस म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता, आणि रूट पोर्ट म्हणजे त्याचं प्रोसेसरच्या किंवा चिपसेटच्या बाजूचं टोक, जिथून कार्डाकडे जाणारा रस्ता सुरू होतो. नोंद कार्डाच्या आतल्या बिघाडाची नव्हती. या रस्त्यावर डेटा बिघडत होता आणि पुन्हा पुन्हा पाठवावा लागत होता.

जुनं कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीचं होतं, नवं चौथ्या पिढीचं. तिसऱ्या पिढीचं मानक २०१० साली आलं, चौथीचं २०१७ साली, आणि प्रत्येक लेनचा (या रस्त्यातल्या एका पदराचा) वेग सेकंदाला ८ गिगाट्रान्सफरवरून थेट १६ वर गेला. कार्ड आणि बोर्ड एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ते सगळ्यांत हळू, पहिल्या पिढीच्या वेगाने. मग दोघांना झेपेल तो सर्वांत वरचा वेग ठरतो. माझ्या बोर्डाला चौथी पिढी झेपत होती, कार्डालाही. मधल्या रायझर केबलला मात्र या ठरवाठरवीत मतच नसतं. ती नुसती तार आहे. दोघं चौथ्या पिढीवर जाऊन बोलू लागले आणि तिसऱ्या पिढीपुरती बनवलेली ती तार त्या वेगाचा सिग्नल नीट पोहोचवू शकत नव्हती. जुनं कार्ड त्या वेगाला कधी गेलंच नव्हतं, त्यामुळे ते त्याच तारेवर सुखाने चालत होतं. 'जुनं लावून बघा' या चाचणीने माझ्याकडे उलटंच उत्तर दिलं ते यामुळे.

खात्री करायचा उपाय सोपा होता. एसएमपीएसचं बटण बंद केलं, पॉवर बटण दाबून उरलेला विद्युतभार जाऊ दिला, रायझर काढला आणि कार्ड थेट बोर्डच्या स्लॉटमध्ये बसवलं. बसवताना एक बारकावा सांगतो. मागच्या लोखंडी पट्टीचं खालचं टोक कॅबिनेटच्या कडेला अडतं आणि कार्ड अर्धा मिलीमीटर तिरकं राहतं. स्लॉटची कडी तरीही कधीकधी लागल्यासारखी वाटते. टॉर्च मारून बघा, सोनेरी पट्ट्यांची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त सोनेरी दिसत असेल तर कार्ड पूर्ण बसलेलं नाही.

थेट बसवल्यावर पहिल्याच झटक्यात डिस्प्ले आला, पुढेही प्रत्येक वेळी येत राहिला आणि इव्हेंट १७ गायब झाला. मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन त्या स्लॉटचा वेग ऑटोवरून जेन ३ (तिसरी पिढी) केला, रायझर परत लावला, तरी सगळं सुरळीत. निदान पक्कं झालं. एक अडचण लक्षात ठेवा: बायोसमध्ये जायलाही डिस्प्ले लागतो. माझ्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नाही. तुमचंही तसंच असेल तर सेटिंग बदलण्यापुरतं कार्ड थेट स्लॉटमध्ये लावा, नाहीतर जुनं कार्ड वापरा. जुनं कार्ड विकायची घाई करू नका, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

यातच एक उपकथानक घडलं. सपोर्टच्या सांगण्यावरून मध्येच सीमॉस (बायोसची सेटिंग साठवणारी मेमरी) रीसेट केला होता आणि बायोसची सगळी सेटिंग मूळपदावर गेली. त्यानंतर डिस्प्ले आला तरी विंडोज उघडेना, बूट करण्याजोगी डिस्कच नाही असा संदेश. कारण माझी विंडोज जुन्या मशीनवरून जशीच्या तशी पुढे आणलेली, एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीच्या डिस्कवर. तिला बूट व्हायला बायोसमधलं सीएसएम हे जुन्या पद्धतीने बूट करू देणारं सेटिंग चालू लागतं आणि रीसेटने तेच बंद केलं होतं. सीएसएम चालू केलं की विंडोज उघडते, पण मला ते बंदच हवं होतं. रीसायझेबल बार हे सेटिंग सीएसएम बंद असल्याशिवाय चालत नाही. ते नसेल तर प्रोसेसरला कार्डाची मेमरी साधारण २५६ एमबीच्या खिडकीतून बघावी लागते, असलं की सगळी मेमरी एकदम हाताशी येते. म्हणून सीएसएमशिवाय बूट होण्यासाठी एमबीआर डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं, विंडोजमध्येच असलेलं एमबीआर२जीपीटी हे साधन वापरलं. विंडोज १० मध्ये ते २०१७ पासून आहे. आधी बॅकअप घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) असेल तर थांबवा, नुसती तपासणी करणारी आज्ञा चालवा आणि ती निर्धोक पार पडली तरच रूपांतर करा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. माझं काही मिनिटांत झालं, एकही फाइल हलली नाही.

ड्रायव्हरबाबत थोडक्यात. जुनं आणि नवं कार्ड वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपचं असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर साफ काढा, मग नवा टाका. आणि थंड मशीन सुरू होतं का हे तपासत असाल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. ते चालू असताना शटडाउन हे खरं शटडाउन नसतं. विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि ड्रायव्हरच्या तक्रारी दुसऱ्या दिवशीही तशाच उभ्या राहतात.

आता कार्डाबद्दल. काही आठवडे ते जेन ३ वर चाललं आणि एडिटिंगमध्ये किंवा गेममध्ये मला फरक जाणवला नाही. पूर्ण १६ लेनचं कार्ड असल्यामुळे तिसऱ्या पिढीतही सेकंदाला जवळपास १६ जीबीची वाट मोकळी असते. फक्त ८ लेनचं कार्ड असतं तर ती निम्मी झाली असती, आणि कार्डाची मेमरी भरल्यावर ते टोचलं असतं. पुढे चौथ्या पिढीसाठी बनवलेला रायझर घेतला आणि सेटिंग परत ऑटोवर नेलं. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये वेग बघताना मात्र गोंधळू नका. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला लिंकचा वेग खाली येतो आणि तिथे १.१, म्हणजे पहिल्या पिढीचा वेग, दिसतो. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून छोटी रेंडर चाचणी सुरू केली की खरा आकडा दिसतो. इव्हेंट १७ मी अजून अधूनमधून शोधतो. आजवर एकही नवी नोंद नाही.

कामगिरी उत्तम आहे. टाइमलाइनवर ४के फुटेज रंगसंगतीसकट न अडखळता सरकतं, निर्यातीला जुन्या कार्डाच्या निम्म्याहून कमी वेळ लागतो. भाराखाली तापमान सुरुवातीला ७५ अंशांच्या वर जायचं. व्होल्टेज थोडं खाली आणल्यावर ते ६५ च्या आसपास स्थिरावलं, पंख्यांचा आवाज उतरला आणि वेग जवळपास तेवढाच राहिला. प्रत्येक चिप वेगळी असते, तेव्हा माझे आकडे उचलू नका. थोडं थोडं खाली या आणि प्रत्येक टप्प्यावर तासभर भार देऊन बघा.

तक्रारी दोन. गेमच्या मेनूमध्ये फ्रेम शेकड्यांनी वाढल्या की कार्डावरच्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्यांची) बारीक किरकिर ऐकू येते. फ्रेमला मर्यादा घातली की थांबते, पण रात्रीच्या शांततेत ती मला जाणवते. दुसरी तक्रार वजनाची. थेट आडवं बसवलं होतं तेव्हा पंख्यांकडचं टोक स्पष्ट झुकलेलं दिसत होतं, आणि सोबत आलेला आधार इतका तोकडा की कॅबिनेटच्या तळापर्यंत पोहोचतच नव्हता. आडवं लावणार असाल तर उंची कमी-जास्त होणारा आधार वेगळा घ्या. उभं लावणार असाल तर रायझरच्या पाकिटावर पिढी कोणती लिहिली आहे ते वाचा. आणि उभ्या जागेत काच आणि पंखे यांच्यात किमान दोन बोटांची फट राहते का, हे कार्ड मागवायच्या आधी पट्टीने मोजा. माझ्याकडे ती जेमतेम राहिली आहे.