नेमा १७ स्टेपरचा ‘५:१’ प्लॅनेटरी गिअरबॉक्स: लेबल सोडा, दाते मोजा

३६ मिमी गोल बॉडी, आत धातूचे गिअर, मागे नेमा १७ मोटर (ठरावीक पायऱ्यांनी, म्हणजे स्टेपनी, फिरणारी स्टेपर मोटर; ‘नेमा १७’ हे तिच्या मापाचं नाव). एकाच टप्प्याचा हा गिअरबॉक्स वेग उतरवून टॉर्क वाढवण्याचं काम चोख करतो. ०.४ न्यूटन-मीटरच्या मोटरला जोडला की, कार्यक्षमता ९०% धरली तरी, सुमारे १.८७ न्यूटन-मीटर मिळतात. अचूक कोनात थांबायचं असेल, तर मात्र आधी दाते मोजून घ्या.

मधल्या सन गिअरला ११ दाते, त्याभोवती फिरणाऱ्या तिन्ही प्लॅनेट गिअरना प्रत्येकी १७, बाहेरच्या रिंग गिअरला ४६. रिंग स्थिर, सनवरून इनपुट आणि कॅरिअरवरून (प्लॅनेटना धरणाऱ्या चौकटीवरून) आउटपुट, म्हणून रेशो (आउटपुटच्या एका फेरीला मोटरच्या किती फेऱ्या) १ + ४६/११ = ५७/११, साधारण ५.१८. लेबलवरचा ५ नव्हे. फर्मवेअरमध्ये (मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये) ५ टाकलात तर फेरीला २०० स्टेप घेणाऱ्या मोटरला १००० स्टेप दिल्यावर आउटपुट शाफ्ट फक्त ३४७.४ अंश फिरतो. ५.१८ टाकून १०३६ स्टेप दिल्या, तरी दर फेरीला ०.१३ अंशाची तूट राहते आणि ती साचत जाते: शंभर फेऱ्यांत १२.६ अंश! उपाय सोपा आहे. ५७/११ हा अपूर्णांकच ठेवा आणि उरलेली बाकी पुढच्या हालचालीत मिळवा. बरोबर ११ फेऱ्यांना ११,४०० स्टेप लागतात, तिथे हिशेब पूर्ण जुळतो.

खरं तर १२, १८ आणि ४८ दाते घेतले असते तर नेमका ५ आला असता. सन आणि रिंगच्या दात्यांची बेरीज ६०, तिला ३ ने भाग जातो, त्यामुळे तीन प्लॅनेट १२० अंशांवर बसलेही असते. ०.५ मॉड्यूल (दात्याचं माप; दाते गुणिले मॉड्यूल म्हणजे पिच व्यास, मिमीमध्ये) धरलं तर रिंगचा पिच व्यास २३ ऐवजी २४ मिमी झाला असता, एवढाच फरक. शिवाय २० अंश दाबकोनाच्या दातांत ११ दात्यांचा सन, प्रोफाइल शिफ्टशिवाय (दात थोडे बाहेर सरकवून कापल्याशिवाय), मुळाशी १२ दात्यांच्या सनपेक्षाही जास्त कापला जातो. ही निवड मला पटत नाही.

बॅकलॅश (दात्यांमधल्या फटीमुळे येणारा सैल खेळ) तपासायला मोटर चालू करून जागेवर धरा, आउटपुटला १०० मिमी दांडा लावा आणि टोकाशी डायल गेज (बारीक सरक मोजणारं काट्याचं मापक) ठेवा. दांडा हलका दाबून दोन्ही बाजूंना ढकला, १.७५ मिमी हलला तर खेळ १ अंश. तेवढा असेल, तर मोजायच्या कामात प्रत्येक स्थानाकडे एकाच दिशेने या.

बहुतेक बिघाड बसवताना होतात. पुली हातोडीने ठोकली की तो मार आतल्या बेअरिंगवर जातो. ती सरकवून ग्रब स्क्रूने आवळा. इनपुटचा क्लॅम्प आवळण्याआधी मोटरचा शाफ्ट तेलविरहित पुसून घ्या, नाहीतर भाराखाली तो घसरतो आणि दोष मोटरवर येतो.

दोन टप्प्यांचा, २६.८५ रेशोचा घेणार असाल तर आधी डेटाशीटमधला कमाल टॉर्क बघा. त्याच मोटरने ८ न्यूटन-मीटरच्या वर मागणी होऊ शकते. एवढ्या लहान बॉडीतले दाते तेवढं पेलतीलच असं नाही.