आर्सेनिकचा पट्टीवाला किट: गावच्या बोअरला चालेल, घोडबंदरच्या टँकरला नको

पाण्यातलं विषारी आर्सेनिक तपासायचा हा किट. आम्लाची पुडी, झिंक पावडर, मर्क्युरिक ब्रोमाइडच्या पट्ट्या आणि झाकणात पट्टी अडकवायला खाच असलेली बाटली, एवढाच या किटचा संसार. ठाणे-नवी मुंबईत लॅबचं सामान विकणारे ऑर्डरवर आणून देतात. घेताना डबा उघडून बघा: पट्टीची टिकली पांढरीशुभ्र हवी. पिवळसर दिसली तर तिथेच परत करा, कारण पुढचं सगळं त्या रंगावरच आहे.

झिंक-आम्लातून हायड्रोजन सुटतो, पाण्यातल्या आर्सेनिकचा आर्साइन वायू होतो आणि टिकलीवर पिवळा ते तपकिरी डाग पडतो. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस १०५०० मानकाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. तेवढ्या आर्सेनिकला उमटणारा पिवळा इतका फिका की ट्यूबलाइटखाली पांढऱ्यातच जमा होतो. दिवसाउजेडी, सावलीत वाचा. ५० च्या वरचं पाणी किट सहसा सोडत नाही. १० च्या आसपास भरवसा ठेवू नये.

खरी गोची कोरड्या मुलखातल्या पाण्याची. बंगालच्या गाळात ऑक्सिजन नसल्यामुळे लोहाचे ऑक्साइड विरघळतात आणि आर्सेनिक सुटतं. अर्जेंटिनाच्या चाको-पंपा मैदानात किंवा पाकिस्तानातल्या सिंधूच्या मैदानात कारण वेगळं: पाणी अल्कधर्मी झालं की लोहाला चिकटलेलं आर्सेनेट (आर्सेनिकचं एक रूप) सुटं होतं, वर बाष्पीभवन ते दाट करतं. अशा पाण्यात क्षारता भरपूर. पुडीतलं आम्ल तिलाच खर्ची पडतं, बुडबुडे मंदावतात, डाग फिका येतो आणि वाईट पाणी पास होतं. त्यात आर्सेनेटचा आर्साइन सावकाश होतो, थंडीतल्या गार पाण्यात आणखी सावकाश. म्हणून पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बुडबुडे जोमाने येत नसतील तर निम्मं पाणी, निम्मं डिस्टिल्ड वॉटर घेऊन पुन्हा करा आणि आकडा दुप्पट धरा. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची एक चाचणी आधी हवीच, टिकली पांढरीच राहते ना ते बघायला.

पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास असेल तर हायड्रोजन सल्फाइडही टिकली काळवंडतो. त्यासाठीची ऑक्सिडायझरची पुडी किंवा लेड ॲसिटेटचा कापूस वेळ वाचवायला गाळू नका. खिडकी उघडी ठेवा, आर्साइन विषारी आहे. वापरलेल्या पट्टीत पारा असतो. ओल्या कचऱ्यात टाकू नका. मातीसाठी हा किट नाहीच, माती आधी लॅबमध्ये आम्लात पचवावी लागते.

मग इथे कुणी घ्यावा? नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येणाऱ्यांनी मुळीच नाही. घोडबंदरला टँकर घेणाऱ्या सोसायटीने आधी ई. कोलाय हा मैल्यातला जंतू तपासावा. टीटीसी या ठाणे-बेलापूरच्या कारखानदारी पट्ट्यातल्या बोअरला एनएबीएल मान्यतेच्या लॅबमध्ये आयसीपी-एमएस (एकाच वेळी अनेक धातू मोजणारी) चाचणी बरी, शिसं-क्रोमियम या किटला दिसतच नाहीत. नमुन्याची बाटली लॅबकडूनच घ्या, त्यात नायट्रिक आम्ल लागतं. कोरड्या भागात गावी बोअर असेल तर मात्र पहिल्या चाळणीला किट कामाचा. किटला गुण ५ पैकी ३.

डाग गडद आला तर पाणी उकळून भागत नाही, उलट दाट होतं. आरओ आर्सेनेट चांगलं अडवतो, पण अडवलेलं सगळं नळीतून वाया जाणाऱ्या पाण्यात जातं. ते पाणी कुंडीतल्या मेथी-कोथिंबिरीला घालू नका.