ओल्या झाकणाचं कॉटेज: बक्स्टनजवळ आठ महिन्यांत तीन खेपा

ऑक्टोबरातल्या शुक्रवारी रात्री साडेनऊला स्विमिंग कॉस्च्यूमवर हिवाळी जॅकेट चढवून मी इंग्लंडमधल्या एका भाड्याच्या कॉटेजच्या अंगणात उभी होते आणि गुलाबजामच्या पाकाचा थर्मामीटर हॉट टबमध्ये, म्हणजे उघड्यावर बसायच्या विजेवर तापणाऱ्या मोठ्या टबमध्ये, बुडवून बघत होते. काटा २४ वर. बक्स्टन गावात डोंगराच्या पोटातून येणारं झऱ्याचं पाणी वर्षभर साधारण २८ अंश असतं, आणि ते सेंट अ‍ॅन्स वेल नावाच्या सार्वजनिक नळाला रस्त्यावर फुकट मिळतं. मी तीन रात्रींचे ५४० पौंड, वर हॉट टबचे वेगळे ६० भरून त्याहून गार पाण्यात पाय घालणार होते.

कॉटेज कसं आहे ते जाहिरातीत आहेच. दोन बेडरूम, दगडी भिंती, लाकडं जाळायचा स्टोव्ह, समोर मेंढ्या. फोटो खोटे नाहीत. सुऱ्या बोथट आहेत आणि कुकर नाही, तेव्हा घरून न्या. बर्मिंगहॅमहून ए-५१५ रस्त्याने दोन तास. यापुढे मी फक्त टबबद्दल बोलणार आहे आणि त्यातही बहुतेक झाकणाबद्दल, कारण सगळं तिथेच आहे.

आधी साधं गणित. इथे भाड्याच्या घरातल्या टबचं पाणी एक पाहुणा गेला की काढून टाकतात, टब घासतात, नवीन भरतात. हे बरोबरच आहे. त्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू सुखाने वाढतात, दुसऱ्यांच्या आंघोळीच्या पाण्यात बसायची हौस मलाही नाही. पण टबात मावतं १२०० लिटर. नळाचं पाणी १२ अंशांचं. ते ३८ वर न्यायला वीज लागते ३६ युनिट. हा टब साध्या १३ अँपिअरच्या प्लगवर चालणारा, त्याचा हीटर दोन किलोवॅटचा. म्हणजे अठरा तास. आधीचे पाहुणे दहाला निघाले, अकराला टब भरला, तर पाणी तापणार दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला. चेक-इन आदल्या दिवशी चार वाजता. पहिली रात्र बुकिंग करतानाच गेलेली असते, आणि ती गोड बोलून तुम्हाला विकलेली असते.

बरं, पहाटे पाचला तरी तापावं ना? शनिवारी सकाळी आठ वाजता ३१. संध्याकाळी कसंबसं ३४. आम्ही दोघं बसलो, जेट (बुडबुड्यांचे फवारे) सुरू केले, अर्ध्या तासात ३२. या छोट्या प्लगवाल्या टबांत जेट जोरात चालले की हीटर बंद होतो, एवढी वीज त्या प्लगला झेपत नाही. जाहिरातीतल्या फोटोत बुडबुडे आणि वाफ दोन्ही आहेत. दोन्ही एका वेळी फार काळ मिळत नाहीत, हे कुठेच लिहिलेलं नाही.

आणि मग नवऱ्याच्या कमरेत उसण भरली. झाकण उचलताना. आधी मी त्यालाच बोलले, की जिमचे पैसे कशाला भरतोस. मग मी एका बाजूने हात घातला तेव्हा कळलं. ही झाकणं म्हणजे आत फोम आणि वरून रेक्झिनसारखं आवरण, एका बाईला सहज दुमडता यावीत अशी. हे झाकण ओल्या गादीसारखं होतं. शिवण दाबली तर पाणी ठिबकलं. आतल्या फोमवरचं प्लास्टिक एकदा फाटलं की वाफ आत शिरते आणि फोम पाणी पितो. पाणी प्यालेला फोम ऊब धरत नाही. वर तो जड म्हणून नीट बसत नाही, मधोमध झोल पडतो आणि कडेने वाफ निसटते. म्हणजे मालक रात्रभर डर्बीशायरचं आकाश तापवत होते. नवीन झाकण तीनशे-चारशे पौंडांत येतं. तेवढे वाचवायला दर महिन्याला किती युनिट जाळत असतील, हा हिशेब मी रविवारी रात्री झोप लागेना म्हणून केला, आणि मग तर अजिबातच लागली नाही.

थर्मामीटरचे वेळेसकट अकरा फोटो काढून बुकिंग कंपनीला पाठवले. उत्तर आलं, पाण्याचं तापमान हवामानावर आणि पाहुण्यांच्या वापरावर अवलंबून असतं. चोराच्या उलट्या बोंबा! मी लिहिलं, शुक्रवारी रात्रीपर्यंत आम्ही तो वापरलाच नव्हता, त्यात जाण्यासारखा नव्हताच. सहा मेल झाले. शेवटी पैसे नाहीतच, १२० पौंडांचं व्हाउचर, तेही त्याच मालकाच्या कॉटेजसाठी, बारा महिन्यांत वापरायचं. इथपर्यंतचं परीक्षण मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं आणि त्याला एक तारा दिला होता.

पण १२० पौंड सोडून देणारी मी नव्हे. फेब्रुवारीत आठवड्याच्या मधले चार दिवस स्वस्त असतात, ३८० ला मिळाले, व्हाउचर वजा जाता २६०. या वेळी सोमवार मुद्दाम निवडला आणि केअरटेकर बाईंना फोन करून विचारलं की आदल्या दिवशी कुणी आहे का. नव्हतं. त्या म्हणाल्या, टब शनिवारीच भरून ठेवते. पोचल्यावर सामान गाडीतच ठेवून मी आधी अंगणात गेले. झाकण नवीन! एका हाताने उचललं गेलं. पाणी ३८.५. नवऱ्याने विचारलं, रडतेस का? म्हटलं, वाफेने आहे.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. बक्स्टन समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंचीवर, इथे बर्फाचं कौतुक नाही. २ जून १९७५ ला इथला डर्बीशायर-लँकेशायर क्रिकेट सामना बर्फाने थांबला होता, जूनमध्ये! शनिवारी क्लाइव्ह लॉइडने नाबाद १६७ केलेल्या, सोमवारी पाहतात तर मैदान पांढरं. हे नवऱ्याने टबात बसून चार वेळा सांगितलं. मी ऐकून घेतलं, कारण मान पाण्याबाहेर, डोक्यावर बर्फाची भुरभुर आणि खांद्याखाली ३८.५. जेट लावलेच नाहीत. जेट ही जाहिरातीची चैन आहे, खरं सुख गरम पाण्यात गप्प बसण्यात आहे. चार दिवसांत टब ३८ च्या खाली गेला नाही. तो एक तारा मी पुसून टाकला.

तिसरी खेप मेमध्ये, दापोलीहून आई आली होती तेव्हा. आई म्हणजे दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांवर वाढलेली बाई. तिथल्या पाण्यात सरळ हात घातला तर चटका बसतो, गंधकाचा वास येतो, आणि त्याने गुडघे बरे होतात यावर तिचा पूर्ण विश्वास. तिला आधी गावात नेलं. सेंट अ‍ॅन्स वेलला लोक कॅन घेऊन रांगेत होते. आईने ओंजळीत पाणी घेतलं, प्यायली, म्हणाली, "कोमट आहे गं. याला कुंड म्हणतात होय?"

मी तिला सांगितलं की रोमन लोकांनी या पाण्यासाठी इथे वस्ती केली होती, स्कॉटलंडची राणी मेरी कैदेत असताना १५७३ पासून संधिवातासाठी इथे यायची. समोरची अर्धगोल क्रेसेंटची इमारत १७८० च्या दशकात डेव्हनशायरच्या पाचव्या ड्यूकने याच पाण्याच्या जोरावर बांधवून घेतली. आईने विचारलं, "मग राणीचे गुडघे बरे झाले का?" क्रेसेंटमध्ये आता हॉटेल आणि स्पा आहे, त्याचं दरपत्रक बघून आम्ही बाहेरूनच फोटो काढला.

कॉटेजवर आईला सलवार-कमीजमध्येच टबात बसवलं. तिची बीपीची गोळी चालू, म्हणून ३७ अंश आणि घड्याळ लावून दहा मिनिटं. पहिल्यांदा क्लोरीनचा वास आल्यावर म्हणाली, "हे तर पालिकेच्या टाकीसारखं." आठव्या मिनिटाला डोळे मिटले होते. बाहेर काढायला गेले तर, "थांब गं, पाच मिनिटं." नाहीच म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती उठून एकटीच अंगणात गेली आणि झाकणाचे पट्टे कसे सोडायचे म्हणून मला हाका मारायला लागली.

ते पट्टे. उंचावर वारा फार, पट्टे लावले नाहीत तर झाकण उडून शेजारच्या मेंढ्यांत जाईल. मेमध्ये चारपैकी एका पट्ट्याची क्लिप तुटलेली होती. त्या कोपऱ्यात झाकण बोटभर उचललेलं, आणि रात्रीतून पाणी एका अंशाने उतरलं. क्लिप फार तर दोन पौंडांची. मी केअरटेकर बाईंना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे लावली असं नाही, तेव्हा तुम्ही जाल तर डावीकडचा मागचा कोपरा बघा आणि नसेल तर लाकडांच्या ढिगातला एक ओंडका वर ठेवा.

शुक्रवारचं बुकिंग करू नका. केलंच तर आधीचे पाहुणे कधी निघणार ते फोनवर विचारा, मेलवर नव्हे. मेलवर ते हवामानाबद्दल बोलतात.

आता चार तारे देते आहे. ऑक्टोबरच्या हॉट टबचे ६० पौंड मात्र अजून परत आलेले नाहीत. व्हाउचर भाड्यापोटी होतं, टबच्या फीपोटी नव्हतं. परवा सातवा मेल टाकलाय.